उभ्यानं वाजवायची गिटार

मी गिटार शिकवते असं म्हटलं की लोक आधी माझ्या साडीकडे बघतात. गळ्यात गिटार अडकवून ही बाई उड्या मारते की काय, असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांपुढे येतं आणि मग त्यांना हसू आवरत नाही. हसोत बापडे. माझी गिटार वेगळी. ती मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातात स्टीलचा बार धरून तो तारांवरून सरकवायचा. हवाईयन म्हणतात तिला. माझ्या लहानपणी पुण्यात गिटार म्हटली की हीच. रेडिओवर सिनेमातल्या गाण्यांच्या धुना लागायच्या, त्याही हिच्यावरच वाजवलेल्या असायच्या.

लग्न होऊन हैदराबादेत आले आणि विद्यानगरच्या घरात पुढच्या खोलीत क्लास काढला. एके काळी पोरींना बसायला सतरंजी पुरायची नाही. मग घरोघरी केबल आली. परदेशी गाण्यांचं एक चॅनेल दिवसरात्र चालू झालं आणि सगळ्या गावाला एकदम कळलं की गिटार उभ्यानं वाजवतात. बोटांनी तारा दाबायच्या, केस मोकळे सोडायचे. वर्ष-दीड वर्षात माझा क्लास ओस पडला. पंच्याण्णव सालच्या दिवाळीनंतर माझ्याकडे एकच विद्यार्थिनी उरली होती, शिल्पा.

शिल्पा म्हणजे काचीगुड्याच्या हिम्मतरावांची नात. हे लोक मूळचे परभणीकडचे शेतकरी, निजामाच्या काळापासून इकडे आलेले. आता काचीगुडा स्टेशनजवळ त्यांचं दारं-खिडक्या करून द्यायचं दुकान आहे. शिल्पा सहा-सात वर्षांची असताना सुट्टीत गावी गेली होती, तिथे कडबा कापायच्या यंत्रात तिचा डावा हात गेला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही गेली. तेव्हापासून त्या घरात एक अलिखित कायदाच झाला. पोरीच्या डाव्या हातावर कायम ओढणी. लग्नाकार्यात फोटो काढायचा झाला की तिला एका टोकाला, कुणाच्या तरी पाठीमागे उभं करायचं. हाताबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. तिला कुणी रागावत नसे, हिणवत नसे. उलट फार जपत, इतकं की बघणाऱ्यालाच गुदमरायला व्हावं.

हवाईयन गिटार तिला जमली याचं कारण साधं होतं. बार धरायला अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढीच लागतात. उरलेली दोन बोटं बारच्या मागून तारांवर नुसती टेकलेली असतात, मागच्या तारेचा आवाज दाबायला. ती नसली तर प्रत्येक सुराबरोबर शिट्टीसारखं काहीतरी वाजतं. त्यावर मी बारच्या मागे जुन्या पर्सच्या चामड्याची एक झालर शिवून दिली होती. झालर तारांवरून घसटत जाते, शिट्टी बंद. कल्पना माझी, हे सांगून ठेवते, कारण पुढे सगळं श्रेय आमचे हे घेणार आहेत.

तर एका संध्याकाळी शिल्पा आली ती गिटार न उघडता बसून राहिली.

"काय गं, कुणाशी भांडलीस?"

"नाही मावशी. विवेकच्या बँडमध्ये विचारलं होतं. नाही म्हणाला."

विवेक हा तिच्या कॉलेजातला मुलगा. चार जणांचा बँड होता त्यांचा आणि फेब्रुवारीत कॉलेज डेला ते वाजवणार होते. शिल्पानं त्यांना वाजवून दाखवलं होतं. आवाज आवडला म्हणे सगळ्यांना. पण विवेक म्हणाला, आम्ही सगळे उभे आणि तू मधेच मांडीवर घेऊन बसलेली, विळीवर भाजी चिरायला बसल्यासारखी, ते काय बरं दिसेल?

मी तडकलेच. "त्याला म्हणावं, आधी आपली भाजी नीट शिजव."

"लाइट घ्या हो मावशी. तो वाईट नाही. उभ्यानं वाजवता आली तर घेतो म्हणाला. मी त्यांची गिटार घेऊन बघितली लपून. दोन बोटांत ते सूर नाही येत. हात निसटायलाय." मग म्हणाली, "मला काही सोलो वगैरे नक्को. मला फक्त त्यांच्यात उभं राहायचंय. सगळ्यांच्या मधे."

टोकाला उभ्या राहिलेल्या मुलीनं हे म्हणावं, याचं मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माझा आवाज चढतो, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

आत आमचे हे, किशोर, टेबलावर एक रेडिओ उघडून बसले होते. हे एका सरकारी कारखान्यात टीव्हीच्या विभागात इंजिनिअर. परदेशी टीव्ही दुकानात आल्यापासून यांच्या टीव्हीला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. पगार चालू, काम बंद. रोज डबा घेऊन जायचे आणि डबा खाऊन यायचे. कामाविना त्यांचं डोकं भणभणायला लागलं होतं, घरातली एकही वस्तू त्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या तावडीतून सुटत नव्हती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बनवू की," हे म्हणाले.

"काय बनवू?"

"उभ्यानं वाजवायची हवाईयन. इलेक्ट्रिक. त्यात काय आहे? लाकूड, तारा, चुंबक."

त्यांच्या तोंडी 'त्यात काय आहे' आलं की घरातलं काहीतरी मोडणार हे ठरलेलं. पण शिल्पानं दारातून मान आत घातली होती आणि तिचा चेहरा बघून मी टेबलावरचा उघडा रेडिओ उचलून त्यांना जागा करून दिली.

दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडतात. तिथून यांनी एक अमेरिकन मासिक आणलं. कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण मधली पानं शाबूत होती आणि त्यांत दुर्मीळ गिटारींची चित्रं होती. पहिलंच चित्र बघून आम्ही तिघं चक्रावलो. एक लांबलचक दांडा आणि टोकाला चपटा गोल, सगळं ॲल्युमिनियमचं. ऑम्लेटचा पॅन असतो ना, अगदी तसा. त्याला तारा.

"हा बँजो असावा," हे म्हणाले.

"बँजोला कातडं असतं."

"मग उभा धरून वाजवत असतील, वीणेसारखा."

मी मासिक त्यांच्या हातातून घेतलं आणि आडवं केलं. तारा दांड्यापासून कितीतरी वर होत्या. बोट दाबलं तरी तार खाली टेकणारच नाही. आणि तारा अशा उंच कधी ठेवतात? वरून बार सरकवायचा असेल तेव्हा. "अहो, ही मांडीवरची आहे," मी म्हटलं. "ही माझी आहे."

खालचं बारीक अक्षर शिल्पानं वाचलं. विजेवर चालणाऱ्या अगदी पहिल्या गिटारींपैकी ही एक, एकोणीसशे तिसाच्या सुमाराची, आणि हवाईयन पद्धतीनं मांडीवर ठेवून वाजवायची. मी तिला ते परत वाचायला लावलं. उभ्यानं नाचणारे हे सगळे नंतर आलेले. वीज आधी माझ्या गिटारीत आली होती. दोन दिवस मी हे भेटेल त्याला सांगत होते. इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगितलं. त्यानं "हौ अम्मा" म्हटलं आणि कपडे मोजले.

दुसरं चित्र शिल्पानं निवडलं. पन्नासच्या दशकाच्या शेवटची एक गिटार, दोन बाजूंना पंख काढलेली, संक्रांतीच्या पतंगासारखी टोकदार. त्या वेळी कुणी घेतली नाही म्हणून थोड्याच बनल्या, असं लिहिलं होतं. "ही," शिल्पा म्हणाली. बराच वेळ त्या चित्रावर तिचं बोट होतं.

आता एकीचा आत्मा मांडीवरचा आणि दुसरीचा देह उभ्याचा. दोघींची मोट बांधायची कशी? आडवी गिटार उभ्या माणसाच्या अंगावर राहणार कशी? यांनी कागदावर काय काय काढलं. एकात शिल्पाच्या कमरेला लोखंडी स्टँड होता. मी म्हटलं, पोरीला टेलिफोनचा खांब करायचाय का?

उत्तर मिळालं काचीगुडा स्टेशनवर. आमच्या वन्सं पुण्याला निघाल्या होत्या, त्यांना हे पोचवायला गेले. गाडी सुटली तरी हे फलाटावरच. समोर एक चणेवाला होता. गळ्यात पट्टा, पट्ट्याला पाटी, पाटी पोटावर आडवी. दोन्ही हात मोकळे, एकानं लिंबू पिळतोय, दुसऱ्यानं कागदाचा कोन वळतोय आणि चालत्या गाडीबरोबर धावतोयसुद्धा. पाटीतला एक दाणा सांडत नाही. हे त्याच्या मागे मागे फलाटाच्या टोकापर्यंत गेले. पट्टा कुठे बांधलाय ते वाकून बघितलं. त्याला वाटलं रेल्वेचा माणूस परवाना तपासायला आलाय, त्यानं घाबरून चणे फुकट दिले.

चणे खात खात हे घरी आले आणि माझा पोळपाट उचलला. त्याला दोन कडांना ओढणी बांधून तो क्लासला आलेल्या शिल्पाच्या गळ्यात अडकवला. पोळपाट पुढे झुकला. मग पोटाकडच्या बाजूला एक उशी लावली, पट्टा थोडा पुढे घेतला, आणि पोळपाट सरळ राहिला. शिल्पानं त्यावर बार सरकवल्यासारखा हात फिरवला. दोन पावलं चालली. मग खोलीत एक गिरकी घेतली.

"मावशी, पडत नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी पोळ्या ओट्यावर लाटल्या. तक्रार केली, पण मनापासून नाही.

पुढचे दोन महिने आमच्या घराचा कारखाना झाला. चित्रातल्या त्या पॅनवर तारांच्या डोक्यावरून घोड्याच्या नालासारखे दोन चुंबक गेले होते. असे चुंबक आणायचे कुठून? यांना आठवलं, जुन्या टेलिफोनमध्ये, हँडल फिरवून घंटी वाजवायच्या त्या काळ्या डब्यात, असेच चुंबक असतात. सगळीकडे नवे बटणांचे फोन येत होते आणि जुने भंगारात चालले होते. जुम्मेरात बाजारातल्या भंगारवाल्यांकडून यांनी ते पोतंभर आणले. पंखे वायंडिंग करणाऱ्याकडून केसासारखी तांब्याची तार आणली आणि ती गुंडाळायला माझं शिवणाचं मशीन घेतलं. मी पायडल मारायचं, यांनी तार धरायची. तार तुटली की माझा पाय जोरात पडला म्हणायचे. नाही तुटली की आपला हात स्थिर म्हणायचे.

पहिल्यांदा नुसत्या फळीवर एक तार ताणून, वर चुंबक आणि खाली कॉइल लावून, रेडिओच्या ॲम्प्लिफायरला जोडली. मी तार छेडली. आधी घरघर झाली, मग त्या घरघरीतून एक सूर निघाला, गोल, लांब, संपता संपेना असा. बावीस वर्षं मी गिटार वाजवत होते, पण माझा सूर इतका वेळ टिकलेला मी कधी ऐकला नव्हता. तो पूर्ण विरला तशी शिल्पानं तार पुन्हा छेडली.

अंग ॲल्युमिनियमचं करायचं की लाकडाचं, यावर भांडण झालं. यांना चित्रातल्यासारखं ॲल्युमिनियम हवं होतं. मी म्हटलं, पातेलं तापलं की वाढतं, मग तारा काय करतील? यांना वाद घालण्यापेक्षा करून बघणं आवडतं, हा एक गुण. खिडकीची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन तिच्यावर तार सुरात लावली आणि गच्चीत उन्हात ठेवली. शेजारी सागवानी फळीवर दुसरी तार. डिसेंबरचं ऊन, तरी चहा होईपर्यंत पट्टीवरची तार चढली होती, स्पष्ट चढली होती. फळीवरची जागच्या जागी. स्टेजवरच्या दिव्यांखाली ॲल्युमिनियमनं दगा दिला असता. म्हणजे लाकूड. म्हणजे सागवान. म्हणजे हिम्मतराव.

हिम्मतराव स्वतः आले. पंचाहत्तरीचे, धोतर, डोक्याला टोपी, बोलणं सावकाश. यांनी भिंतीवर मोठा कागद लावला होता, त्यावर पूर्ण गिटार काढलेली. वरून बघितली तर मांडीवरची, आडवी, सहा तारांची. समोरून बघितली तर पतंगाच्या आकाराची लाल फळी, प्रेक्षकांकडे तोंड केलेली. लोकांना उभी गिटार दिसणार, वाजवणारीला आडवी. हिम्मतरावांनी चष्मा वर करून, खाली करून कागद बघितला. एखाद्या दाराची चौकट बघावी तसं एकेका सांध्याला बोट लावून विचारलं, इथं खिळा की खाच, इथं भार कुणावर. मला माणूस आवडला.

"लाकूड देतो. हौ, गाभ्याचं देतो," ते म्हणाले. "कारागीर माझे. पैशाचं बोलू नका. एकच गोष्ट आहे, साहेब. ही समोरची फळी तारांच्या बरोबरीला नक्को. चार बोटं वर घ्या."

"वर कशाला?" हे म्हणाले. "उगाच वजन वाढेल."

"चार बोटं वर घ्या," हिम्मतराव परत म्हणाले. आवाज तोच, फक्त नजर कागदावरून हलली नाही.

मी यांच्या पायावर पाय दिला. यांना काही कळलं नसलं तरी पायाचं कळलं. फळी चार बोटं वर आली की तारांवर फिरणारा डावा हात तिच्या मागे जाणार. समोर बसलेल्या कुणालाही दिसणार नाही. नात उभी राहील, सगळ्यांच्या मधे राहील, गिटार वाजेल आणि हात झाकलेलाच राहील. म्हाताऱ्यानं सगळा विचार करून ठेवला होता. आणि मला त्यांचा राग आला नाही, हेही सांगते. मला वाटलं, सोय झाली. लाकूड मिळतंय, परवानगी मिळतेय, पोरीलाही संकोच वाटायला नको. शिल्पा दाराशी उभी होती. तिनं ओढणी डाव्या हातावर नीट केली.

"ठीक आहे, चार बोटं," मी म्हटलं.

हिम्मतरावांच्या दुकानाची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान. लांबी-रुंदीला टेप. पण बारीकसारीक उंची, म्हणजे कडी किती वर, फडताळाच्या दोन फळ्यांत अंतर किती, उंबरा किती, हे सगळं बोटांनी आणि वितींनी मोजायचं. आणि ते कारागिराच्या बोटांनी नाही. ज्याच्या घरचं काम, त्याचा हात. दार रोज जी बाई उघडणार तिला दुकानात बोलवायचं, तिचा हात लाकडावर ठेवायचा आणि पेन्सिलीनं खूण करायची. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला त्यांच्याच दुकानची कडी आहे, माझ्या वितीनं लावलेली. यांचा हात तिथं नेहमी चुकतो.

कागद घेऊन दुकानात शिल्पा गेली. जानेवारी सगळा तिकडे कोरणं, तासणं, पॉलिश यात गेला. अंग तयार होऊन आमच्याकडे आलं, त्यात यांनी चुंबक आणि कॉइल बसवले, मी तारा चढवल्या. समोरची लाल फळी मात्र रंगाऱ्याकडे अडकली. ती स्क्रूनं वेगळी लावायची होती, म्हणून आम्ही फळीशिवायच सराव सुरू केला. शिल्पा आमच्या खोलीत उभी राहून वाजवायची, पट्टा खांद्यावर, उशी पोटाशी. विवेक एकदा ऐकायला आला. त्या विळी-भाजीवरून मी त्याला चार शब्द सुनवायचे ठरवलं होतं, पण तो गिटारीभोवती दोन प्रदक्षिणा घालून खाली जमिनीवर बसला आणि विचारत सुटला, हे चुंबक कसले, आवाज एवढा लांब कसा जातो, चामडं कशाला. चामड्याची कल्पना माझी, एवढं मी सांगितलं. मग त्याला लाडू दिला.

कॉलेज डेच्या संध्याकाळी मी स्टेजच्या मागे गेले, तेव्हा लाल फळी नुकतीच लागली होती. रंगाऱ्यानं सकाळी दुकानात दिली, शिल्पानं थेट कॉलेजातच आणली. गिटार तिच्या अंगावर होती. समोरून बघितलं आणि मी म्हटलं, वा. मासिकातला तो पतंग काचीगुड्याच्या सागवानात उतरला होता. मग मी आणखी एक पाऊल पुढे गेले आणि थबकले.

फळी कमी होती. तारांच्या थोडीशीच वर. तारांवर ठेवलेला तिचा डावा हात फळीच्या वरून स्पष्ट दिसत होता. दोन बोटं, अंगठा, आणि जिथं बाकीची दोन असायला हवी होती ती जागाही.

"अगं, ही चुकली की काय? चार बोटं होती ना ठरलेली?" मी घाबरून म्हटलं. "आजोबा येऊन बसलेत समोर. तिसऱ्या रांगेत आहेत. आता काय करायचं?"

"चुकली नाही मावशी. माप मीच दिलं."

तिनं बार उजव्या हातात घेतला आणि डावा हात फळीच्या कडेला लावला. दोन बोटं तारांच्या पातळीपासून फळीच्या वरच्या काठापर्यंत तंतोतंत बसली. जराही इकडे नाही, जराही तिकडे नाही.

"कारागीर विचारायलाय, चार बोटं कुणाच्या हातानं? मी म्हटलं, दुकानात कुणाच्या हातानं घेतात? ज्याचं काम त्याच्या. मग माझा हात ठेवला," ती म्हणाली. "याच हातानं वाजवणार ना मी."

तिनं ओढणी काढली, घडी केली आणि माझ्याकडे दिली. "ही धरा. पट्ट्यात अडकते."

मी ओढणी हातात घेऊन प्रेक्षकांत येऊन बसले, यांच्या शेजारी, हिम्मतरावांच्या मागच्या रांगेत. पडदा उघडला. पाच जण उभे होते आणि शिल्पा मधे. दिवे सगळे तिच्यावर आले तशी लाल फळी चमकली आणि तिच्या वर तो हात. पोरं शिट्ट्या मारत होती, ती गिटार बघून. मग तिनं पहिला सूर लावला. बार तारेवरून वर गेला, सावकाश, आणि तो लांब सूर सगळ्या हॉलभर पसरला. शिट्ट्या थांबल्या. उन्हात आम्ही तपासलेल्या सागवानानं दिव्यांखाली दगा दिला नाही. चामड्याची झालर तिच्या हातामागून निमूट घसटत होती. तिचा हात कुणी बघत होतं की नाही मला ठाऊक नाही. मी बघत होते. आणि हिम्मतरावांची टोपी बघत होते, जी पूर्ण गाणंभर हलली नाही.

टाळ्या संपल्या, लोक उठायला लागले. शिल्पा गिटार अंगावर तशीच घेऊन पायऱ्या उतरून खाली आली आणि आजोबांच्या समोर उभी राहिली. विवेक आणि बाकीची पोरं तिच्या मागे. मी मनातल्या मनात हिम्मतरावांशी भांडायची तयारी केली. चार वाक्यं जुळवून ठेवली होती.

हिम्मतराव गिटारीकडे बघत होते. चष्मा वर केला, खाली केला.

"मी चार बोटं सांगितली होती," ते म्हणाले.

"हौ आजोबा," शिल्पा म्हणाली. "माप माझ्या हातानं घेतलं. दुकानची रीत तुमचीच आहे." डावा हात तिनं मागे घेतला नाही.

म्हाताऱ्यानं आपला डावा हात पुढे केला आणि फळीच्या कडेला लावला, चारही बोटं सरळ. वरची दोन फळीच्या काठाच्या वर उरली. ते त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. मग त्यांनी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत मुडपलं, उरलेली दोन बोटं पुन्हा फळीला लावली, आणि अंगठ्यानं काठ चाचपून बघितला.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले.